आंब्याचा वाफारा

ओट्यावर टिश्यू पेपर अंथरलेला, त्यावर चार सुटे भाग, शेजारी मल्टिमीटर, कापसाच्या काड्या, दात कोरायच्या काड्या आणि एक खोडरबर. रात्रीचे साडेबारा. पाणी प्यायला उठलेली बायको हा पसारा बघत क्षणभर उभी राहिली आणि म्हणाली, "ह्यापेक्षा सिगारेट पेटवणं सोपं होतं की रे." आणि गेली झोपायला.

बोलली ते खोटं नव्हतं. काडेपेटी कधी म्हणत नाही की मला सिगारेट सापडत नाही. माझ्या हातातल्या व्हेपचं, म्हणजे निकोटीनची वाफ ओढायच्या यंत्राचं, मात्र नेमकं तेच म्हणणं होतं. अंगठ्याच्या नखाएवढ्या पडद्यावर 'नो ॲटमायझर' अशी अक्षरं लुकलुकत होती. म्हणजे ज्या कॉइलने वाफ करायची ती कॉइलच मला लागत नाही, असं बॅटरीचं म्हणणं. कॉइल तर जागेवर बसलेली, डोळ्यांसमोर.

मी लंडनच्या पश्चिमेला रेडिंगमध्ये राहतो. कोल्हापूरच्या इंजिनिअरिंग हॉस्टेलबाहेरच्या टपरीवर लागलेली सिगारेट एकोणीस वर्षं ओढली आणि २०२२ मध्ये सोडली. सोडली म्हणजे तिच्या जागी डिस्पोजेबल व्हेप आली. तिच्यात कळायचं असं काही नव्हतं. पाकीट फोडायचं, ओढायची, संपली की टाकून द्यायची. दर वेळी आतली चांगली लिथियमची बॅटरीही तिच्याबरोबर कचऱ्यात जायची, याची मला लाज वाटायची, पण सोय लाजेपेक्षा मोठी. मग १ जून २०२५ पासून इथे डिस्पोजेबलच्या विक्रीवर बंदी आली. मे महिन्यात भरून ठेवलेला साठा जुलैपर्यंत पुरला. शेवटची संपली त्या शनिवारी दुकानात जाऊन पुन्हा भरता येणारा संच घेतला.

एक सांगून टाकतो. ज्याने कधी सिगारेट ओढली नाही त्याने ह्या भानगडीच्या वाटेला जाऊ नये. निकोटीनची सवय ह्यातही असते तशीच राहते. मला सिगारेटपासून लांब राहायला ह्याचा उपयोग झाला, एवढंच माझं म्हणणं.

खोक्यात काय होतं, तर बॅटरीचा भाग, प्लॅस्टिकचा रिकामा पॉड (लिक्विडची टाकी), दोन कॉइली (एक ०.८ ओहमची, एक १.२ ची), वीतभर वायर आणि दहा-बारा भाषांतलं माहितीपत्रक, ज्यात अर्थातच मराठी नव्हती. पॉडमध्ये खालून कॉइल दाबून बसवायची, बाजूच्या भोकातून निकोटीनचं लिक्विड भरायचं आणि पॉड बॅटरीवर ठेवायचा. लोहचुंबकाने तो टक् करून बसतो. कॉइल म्हणजे बोराएवढ्या धातूच्या डबीत कापूस आणि त्याला लागून जाळीदार तार. तार तापते, कापसातलं लिक्विड उडतं, त्याची वाफ. बॅटरीच्या बाजूला दोन सोनेरी पिना, कॉइलच्या बुडाला मधला ठिपका आणि भोवतीची कडी. पिन ठिपक्याला लागली, दुसरी कडीला लागली की सर्किट पूर्ण. ह्याहून सोपं काय असणार?

पहिला फटका चार्जिंगलाच बसला. खोक्यातली वायर इतकी आखूड की सॉकेटपासून ओट्यापर्यंत पोचेना, म्हणून लॅपटॉपची वायर लावली, दोन्ही टोकांना यूएसबी-सी असलेली. यंत्र मेल्यासारखं गप्प. म्हटलं, नवं कोरं आणि बंद! तासाभराने कंटाळून खोक्यातली वायर जुन्या फोनच्या चार्जरला लावली तर लगेच दिवा लागला. कारण नंतर कळलं. सी-टू-सी वायरीवर चार्जर आधी समोरच्याची चौकशी करतो. समोरच्या यंत्रात ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर असले तरच तो वीज सोडतो. स्वस्तातली यंत्रं बनवणारे ते दोन दाणे वाचवतात. जुना, चपट्या यूएसबी-ए खाचेचा चार्जर बिचारा काही विचारत नाही, देत सुटतो.

दुसरा फटका माझ्या आंधळेपणाचा. पॉड बसवला, पडद्यावर 'नो ॲटमायझर'. काढला, बसवला, फुंकला, शर्टाला पुसला. अर्ध्या तासाने चष्मा लावून दिव्याखाली धरला तेव्हा पॉडच्या बुडाला चिकटलेली पारदर्शक पट्टी दिसली. वाहतुकीत गळू नये म्हणून लावलेली. ती सोलून काढली आणि यंत्र सुरू. ही गोष्ट मी घरात कुणाला सांगितली नाही.

दोन दिवस छान गेले. मंगळवारी ऑफिसातून घरी येताना पुन्हा तीच अक्षरं. पॉड काढून बघितला तर बुडाशी चिकट ओल. तोंडात न आलेली वाफ थंड होऊन पुन्हा लिक्विड होते आणि वाट मिळेल तिथून खाली झिरपते. टिश्यूने पुसलं, चाललं. रात्री पुन्हा बंद. पुसलं, चाललं. बुधवारी सकाळपर्यंत हे इतक्या वेळा झालं की माझ्या सगळ्या खिशांत टिश्यूचे बोळे आणि सगळ्या बोळ्यांना आंब्याचा वास.

दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोराने यंत्र हातात न घेताच निदान केलं, कॉइल गेली. पाच कॉइलींचं पाकीट पुढे सरकवलं. इथल्या २०१५ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे सदोष वस्तू तीस दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात, हे मला माहीत होतं. पण रांगेत मागे चार जण उभे होते, आणि ती पट्टी सोलायला अर्धा तास लागलेल्या माणसाला दोष यंत्राचाच आहे असं छातीठोकपणे म्हणायचा धीर होईना. पाकीट घेतलं.

घरी येऊन नवी कॉइल बसवली, लिक्विड भरलं आणि लगेच ओढलं. नवी कॉइल कोरडी असते. तिच्या कापसावर दोन-चार थेंब सोडायचे, पॉड भरल्यावर पाच-दहा मिनिटं तसाच ठेवायचा, कापूस आतपर्यंत भिजू द्यायचा. हे माहितीपत्रकात लिहिलं होतं, मी वाचलं नव्हतं. कोरडा कापूस जळाला आणि घशात जे गेलं ते होळीच्या राखेत तोंड घातल्यासारखं होतं. डोळ्यांतून पाणी. एकदा कापूस करपला की ती कॉइल कामातून गेली, धुऊन-पुसून त्या करपट वासातून सुटका नाही. पाचातली एक पहिल्याच दमात स्वर्गवासी.

दुसरी नीट भिजवून बसवली. चालली. तासाभराने 'नो ॲटमायझर'.

त्या संध्याकाळी मी घरातून बाहेर पडलो आणि चालत चालत कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपापर्यंत गेलो. इथे सिगारेटी काउंटरमागच्या बंद कपाटात असतात, नाव घेऊन मागाव्या लागतात. वीसचं पाकीट तेव्हा सोळा पौंडांच्या आसपास पडायचं. मला पैसे दिसत नव्हते. मला फक्त एवढंच दिसत होतं, की ती पेटेल. पुसावी लागणार नाही, भिजवावी लागणार नाही. माझ्या पुढचा माणूस डिझेलचे पैसे देत होता तेवढ्यात मी दुधाची बाटली उचलली. घरात दूध होतं.

रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर तो पसारा मांडला. यंत्र सुरू असलं की पडद्याच्या कोपऱ्यात कॉइलचा रेझिस्टन्स दिसतो, तिकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं. कॉइल ०.८ ची. पडद्यावर कधी ०.८, पॉड जरा दाबला की १.१, सोडला की १.४ आणि मग आकडा गायब. मला आधी वाटलं पाकिटात चुकून १.२ वाल्या कॉइली आल्या. पण कॉइलच्या अंगावर ०.८ छापलेलं. आणि १.२ ची असती तरी ती १.४ कशाला दाखवेल?

इथे रात्रीचा पाऊण झाला होता, म्हणजे मिरजेत पहाटेचे सव्वापाच. अण्णांना, माझ्या वडिलांना, फोन लावला.

अण्णांचं किल्ला भागात रेडिओ-टेप-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. भिंतीला चिकटवायचे टीव्ही आले, दुरुस्तीपेक्षा नवा परवडायला लागला, आणि त्यांनी दुकान बंद केलं. पण सोल्डरिंगची इस्त्री आजही त्यांच्या टेबलावर असते. लहानपणी शाळा सुटली की मी दुकानात बसायचो. रोझिनचा धूर माझ्या नाकात सिगारेटच्या कितीतरी आधीपासून आहे.

"झोपला होता का अण्णा?"

"ह्या वेळेला कोण झोपतंय. चहा झाला. बोल."

"एक बारकं यंत्र आहे. कॉन्टॅक्ट धरत नाहीये."

"कसलं?"

"वाफेचं."

"वाफारा घ्यायचं? सर्दी झाली काय?"

मी "हं" म्हणालो. मी सिगारेट ओढायचो हे अण्णांना माहीत नाही असं मी बावीस वर्षं धरून चाललो होतो. तिच्या जागी आता हे आलंय हे सांगायचं तर आधी ते सांगावं लागलं असतं.

"बॅटरीवरचं आहे? हीटर किती ओहमचा?"

"पॉइंट आठ."

पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "तीन पॉइंट सात व्होल्टला सतरा वॅट झाले की. एवढ्यात पाण्याची वाफ होती व्हय?"

"पाणी नसतं अण्णा. थोडंसं औषध असतं."

"बरं. पुढं सांग."

आकड्यांचं सांगितलं. ०.८, १.१, १.४, गायब. ऐकताक्षणी त्यांचा आवाज बदलला. दुकानात गिऱ्हाईक टेपरेकॉर्डर घेऊन आलं की जो आवाज असायचा तो.

"मग हीटरच्या मागं कशाला लागलायस? हीटर असतो, नाहीतर तुटतो. असा नाचत नाही. नाचतो तो कॉन्टॅक्ट. तुझ्या पॉइंट आठमध्ये कुठंतरी घाणीचा अर्धा ओहम घुसतोय. जास्त घुसला की यंत्राला वाटतं तार तुटली. आधी दोष कुठल्या अर्ध्यात आहे ते बघ. हीटर बाहेर काढून मीटर लाव."

मीटर लावला. १.१. मी म्हटलं, "बघा, १.१ दाखवतोय."

"आधी मीटरची दोन्ही टोकं एकमेकांना लाव. किती?"

०.३.

"ते तुझ्या वायरींचं. वजा कर."

०.८. कॉइल ठणठणीत होती. पाकिटाचे पैसे आणि करपलेला घसा दोन्ही फुकट गेले होते. दोष बॅटरीच्या बाजूला.

"आता कॅमेरा लाव आणि ते कॉन्टॅक्ट दाखव."

मी बाटली पोळपाटाच्या मागे सरकवली. दहा मिलीची चिमुकली बाटली, कारण इथे निकोटीनचं लिक्विड त्याहून मोठ्या बाटलीत विकायला परवानगी नाही, आणि ताकदही मिलीला २० मिलिग्रॅमपर्यंतच. पण तेवढ्याशा बाटलीवर निकोटीनचा इशारा मात्र ठळक काळ्या अक्षरांत. कॅमेरा जवळ नेला की धूसर, लांब नेला की पिना दिसेनात. "बॅटरी आडवी धर," अण्णा म्हणाले. बॅटरी म्हणजे टॉर्च. उजेड वरून न टाकता बाजूने टाकला, तेव्हा दोन्ही पिनांच्या सावल्या पडल्या. एक सावली लांब, दुसरी निम्मी.

मी दोन दिवस त्या पिना पुसत होतो. त्या एकसारख्या उंच नाहीत हे मला एकदाही दिसलं नव्हतं.

"डावी दबलीय," अण्णा मिरजेतून म्हणाले. "स्प्रिंगवर आहे ती. बुडाशी काहीतरी साकळलंय, म्हणून वर येईना. तंबोऱ्याचा दोरा केसभर सरकला तरी जवारी जाते, सूर घुमत नाही, हे तर तांदळाएवढं आहे. यंत्र बंद केलंस काय?"

पाच वेळा भराभर बटण दाबलं की ते बंद होतं. केलं.

"टाचणी घेऊ?"

"अजिबात नको!" इतक्या जोरात म्हणाले की आतल्या खोलीत बायकोची कूस बदललेली ऐकू आली. "दोन्ही पिना एका टाचणीनं जोडल्यास तर बॅटरी पेटंल हातात. लाकडाची काडी घे. स्पिरिट आहे काय?"

फर्स्ट एडच्या डब्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल होतं. कापसाच्या काडीला लावून पिचकवली, ओथंबू दिली नाही, आणि पिनेच्या भोवती फिरवली. काडीवर काकवीसारखा तपकिरी चिकट थर आला. दुसरी काडी, तिसरी काडी. मग दात कोरायच्या काडीचं टोक पिनेच्या कडेशी लावून हलकेच वर उचललं. काही नाही. पुन्हा अल्कोहोल, पुन्हा काडी, खाली दाब, सोड, खाली दाब, सोड. सहाव्या-सातव्या वेळी ती पिन टिक् करून वर आली. आवाज इतका बारीक की मला वाटलं भास झाला. सावली बघितली. दोन्ही सारख्या.

"आली," मी म्हटलं.

"आता हीटरच्या बुडाला खोडरबर घास. पोरांचा असंल की."

त्यासाठीच तो ओट्यावर होता, मीच आधी काढून ठेवला होता. त्यांच्या दुकानात रिमोटच्या पट्ट्या अशाच साफ व्हायच्या. रबराचा चुरा फुंकून टाकला, कॉइल पॉडमध्ये खटका ऐकू येईपर्यंत दाबली, अल्कोहोल उडून जायला दहा मिनिटं सगळं उघडं ठेवलं. तेवढ्या वेळात अण्णांनी पाऊस किती झाला, कृष्णेला पाणी किती आलं, समोरच्यांनी मजला चढवला, सगळं सांगितलं. मग पॉड बसवला. ०.८. दाबला, ०.८. हलवला, उलटा केला, ०.८.

बटण दाबून ओढलं. अण्णा कॅमेऱ्यात आहेत हे ध्यानात येईपर्यंत पांढरा ढग बाहेर आला होता.

दोघंही काही बोललो नाही. स्क्रीनवर त्यांचा चष्मा आणि अर्धं कपाळ दिसत होतं, ते नेहमीच फोन तसा धरतात.

"वास कसला आहे त्याला?" त्यांनी विचारलं.

"आंब्याचा."

"आंब्याचा वाफारा." चष्मा काढून पुसला. "सिगारेट सुटली काय?"

"तीन वर्षं झाली." मग मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"हॉस्टेलवरनं आलास की कपडे तुझी आईच धूत होती नव्हं."

मग म्हणाले, "दिवाळीला येताना ते आणू नकोस. बंदी आहे इकडं, २०१९ पासनं. आणलं तरी केस होती." हेही त्यांना माहीत होतं. कायदा त्यांना माझ्यापेक्षा नीट माहीत होता, म्हणजे त्यांनी तो कधीतरी मुद्दाम वाचला असणार. मी म्हटलं, निकोटीनचं च्युइंगगम घेऊन येईन, ते चालतं. "त्याला वायरी नसतील," म्हणाले आणि फोन ठेवला.

ती पिन का दबली, ह्यावर मी नंतर बराच विचार केला. लिक्विड साकळलं हे खरं, पण मूळ खोड माझ्या हाताची होती. आकडा गेला की मी पॉड अंगठ्याने गच्च दाबायचो आणि दाबला की क्षणभर चालायचं. जितकं दाबीन तितकी ती पिन चिकटात खोल रुतत होती. आता पॉड नुसता ठेवतो, लोहचुंबक बघून घेतो. दर दोन दिवसांनी, भरायच्या वेळी, बूड पुसतो. आडवं टाकत नाही, उभं ठेवतो. लिक्विड हाताला लागलं तर लगेच धुतो, निकोटीन कातडीतूनही आत जातं. कॉइल दहा-बारा दिवस चालते. ऑगस्टपासून २० मिलिग्रॅमवरून १० वर आलोय.

गेल्या रविवारी नवीन प्रकार सुरू झाला. ओढलं की हुक्क्यासारखी गुरगुर आणि जिभेवर लिक्विडचे शिंतोडे. आकडा मात्र पक्का ०.८. अण्णांना फोन केला, ह्या वेळी ढग न लपवता.

"अण्णा, आता गुरगुरतंय."

"मग पाणी झालंय आत. टिश्यू गुंडाळ आणि झटक की जोरात," म्हणाले. "आणि जरा लांब धर फोन, तुझं तोंड दिसेना धुरात."